एक नाव, दोन व्याख्या

सी भाषेतील मोठा प्रोग्रॅम अनेक फाइलींत विभागलेला असतो, आणि कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, त्यातील प्रत्येक फाइल इतरांकडे न पाहता स्वतंत्रपणे हाताळतो. अशा रीतीने तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडून चालवण्याजोगा प्रोग्रॅम सिद्ध करणे हे लिंकरचे काम होय. जे व्हेरिएबल किंवा फंक्शन सर्व फाइलींतून वापरता येते, त्याच्या नावाला ग्लोबल सिम्बॉल म्हणतात. एकाच नावाचे असे दोन सिम्बॉल दोन फाइलींत निघाले, की त्यांपैकी कोणता ग्राह्य धरायचा याचा निवाडा लिंकरला करावा लागतो.

दोन्ही व्हेरिएबलांना प्रारंभिक मूल्य दिलेले असेल, किंवा दोन्ही फंक्शने पूर्ण लिहिलेली असतील, तर लिंकर 'मल्टिपल डेफिनिशन' असा संदेश देऊन थांबतो, आणि दुसरी व्याख्या कोठे आढळली व पहिली कोठे होती, हे दोन्ही त्यात सांगतो. खरी अडचण मूल्य न देता केलेल्या व्याख्येची आहे. सी भाषेच्या प्रमाण नियमांत ती तात्पुरती व्याख्या मानली जाते, आणि युनिक्सवरील अनेक कंपायलर अशा नावांची नोंद 'कॉमन' या वर्गात करत. फोरट्रान भाषेतील कॉमन ब्लॉकशी नाते असलेल्या या वर्गातील समान नावे लिंकर निमूटपणे एकत्र करतो.

हा निमूटपणा घातक ठरू शकतो, कारण सामान्यतः लिंकरपुढे नाव, जागा आणि आकार असतो, डेटाचा प्रकार नसतो. एका फाइलीत मूल्यासह 'इंट' (पूर्णांक) आणि दुसरीत त्याच नावाचा मूल्यरहित 'डबल' (दशांश संख्या) असेल, तर आजच्या बहुतेक संगणकांवर पहिल्यासाठी ४ बाइट राखले जातात, दुसरी फाइल मात्र तेथे ८ बाइट लिहिते आणि शेजारच्या व्हेरिएबलचे मूल्य पुसले जाऊ शकते. लिंकर अशा वेळी फार तर अलाइनमेंटविषयी, म्हणजे मेमरीतील पत्त्याच्या पटीविषयी, इशारा देतो.

मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीसीसी या कंपायलरच्या दहाव्या आवृत्तीने कॉमन वर्गाचा आपोआप होणारा वापर थांबवला, आणि हेडर फाइलीतच, म्हणजे अनेक फाइलींत समाविष्ट केल्या जाणाऱ्या सामाईक फाइलीतच, व्हेरिएबलची व्याख्या करणारे अनेक जुने प्रोग्रॅम लिंक होईनासे झाले. 'एफ-कॉमन' हा पर्याय देऊन जुनी वागणूक परत आणता येते, परंतु त्याने केवळ संदेश थांबतो, विसंगती तशीच राहते. योग्य उपाय असा, की हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लावून फक्त नाव व प्रकार सांगणारी घोषणा ठेवावी, व्याख्या एकाच फाइलीत करावी, आणि त्या फाइलीतही तोच हेडर समाविष्ट करावा, म्हणजे प्रकारांतील तफावत कंपायलरच पकडतो. जे नाव एका फाइलीपुरतेच लागते, त्यास 'स्टॅटिक' लावावे. लिंकरने नोंदवलेली चूक प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच दुरुस्त करता येते, म्हणून तो संदेश दडपण्याऐवजी त्यात दाखवलेल्या दोन्ही जागा तपासणे हेच शहाणपणाचे.