मोरया गोसावी नेमके कधीचे? विकिपीडियावरच्या चरित्राचे संदर्भ तपासताना

या भागात नावं आणि आकडे बरेच आहेत आणि ते कानावरून पटकन निसटतात, म्हणून तो लिहूनही देतोय. बोलण्यातलं 'अं... म्हणजे...' काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे विकिपीडियावरच्या एखाद्या जुन्या माणसाच्या चरित्राचे संदर्भ कसे तपासायचे. नुसते नियम सांगितले तर तुम्ही दीडपट स्पीडवर ऐकाल, म्हणून एक खरं उदाहरण घेऊ, आणि तेही शेजारचंच. मी हे माणमध्ये बसून रेकॉर्ड करतोय, म्हणजे हिंजवडी फेज थ्रीच्या गावात. इथून ताथवड्यावरून पुढे गेलात की पवनेच्या काठी चिंचवड लागतं. आज या पट्ट्यात बाहेरून येऊन राहिलेले लाखो लोक आहेत, मीही त्यातलाच. पण खूप आधी एक माणूस मोरगावकडून इकडे आला, इथेच राहिला आणि त्याच्या नावाने चिंचवड ओळखलं जाऊ लागलं. ते म्हणजे मोरया गोसावी. 'मंगलमूर्ती मोरया' या गजरातला 'मोरया' तोच, असं परंपरा सांगते.

आता प्रश्न एकदम साधा आहे. ते कधी होऊन गेले?

एक माणूस, अनेक काळ

चिंचवडला दरवर्षी मार्गशीर्ष वद्य षष्ठीला संजीवन समाधीचा सोहळा होतो. परंपरेप्रमाणे समाधीचं वर्ष शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१. जन्माचं वर्ष १३७५ सांगितलं जातं. वजाबाकी करा: १८६ वर्षं. काही ठिकाणी १३३० ते १५५६ असाही काळ दिलेला दिसतो, म्हणजे २२६ वर्षं.

अभ्यासकांकडे वळलं तर युवराज कृष्ण यांच्या नावावर तेरावं-चौदावं शतक दिलं जातं. पॉल कोर्टराइट आणि ॲन फेल्डहाउस यांच्या नावावर १६१० ते १६५९ हा काळ दिला जातो. एकाच माणसाच्या काळात तीनशे वर्षांहून जास्त फरक!

तुम्ही म्हणाल, 'असेना, आपल्याला काय?' फरक पडतो. चौदावं शतक धरलं तर हा माणूस बहमनी काळातला ठरतो. १५६१ धरलं तर निजामशाही-आदिलशाहीच्या दिवसांतला, आणि सतरावं शतक धरलं तर शहाजीराजांच्या आणि शिवाजी महाराजांच्या काळातला. कोणत्या राजवटीत, कोणाच्या आधाराने, कसल्या गावात तो येऊन राहिला, हे सगळं त्या एका वर्षावर ठरतं. आणि आज फोनला प्रश्न विचारला की फोन एकच वर्ष सांगतो, तेही ठाम आवाजात. ते वर्ष पोरांच्या प्रोजेक्टमध्ये, रीलमध्ये, फ्लेक्सवर जातं. ते बहुतेक वेळा कुठून येतं? विकिपीडियाच्या पहिल्या वाक्यातून नाहीतर माहितीचौकटीतून. म्हणून तिथला संदर्भ तपासायचा.

लिंक आहे म्हणजे संदर्भ आहे?

वाक्यापुढे छोटा आकडा दिसला की आपल्याला बरं वाटतं. 'संदर्भ आहे ना, मग झालं.' इथे मला डिचोलीची गोष्ट सांगायचीच आहे.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लेख आला. बिचोलिम म्हणजे आपलं गोव्यातलं डिचोली. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात तिथे युद्ध झालं, असा तो लेख होता. साधारण साडेचार हजार शब्द, खाली पुस्तकांची यादी, सगळं व्यवस्थित. दोनच महिन्यांत त्याला 'चांगला लेख' हा दर्जाही मिळाला. २०१२ च्या डिसेंबरपर्यंत तो तसाच होता. मग एका संपादकाने यादीतली पुस्तकं खरंच शोधायला घेतली. मुख्य पुस्तकं अस्तित्वातच नव्हती! आख्खं युद्धच बनावट होतं.

पाच वर्षं! आणि बघा, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० मध्ये ते दहा वर्षांचे. 'मराठा साम्राज्य' कुठून आलं? शाळेतल्या इतिहासावरही शंका यायला हवी होती. पण यादी बघून सगळे पुढे गेले. म्हणून पहिली तपासणी कंटाळवाणी वाटली तरी चुकवायची नाही: पुस्तक खरंच आहे का? प्रकाशक, वर्ष, एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीत नोंद, एवढं फोनवरूनही पाच मिनिटांत होतं.

दुसरी तपासणी: त्या पानावर तेच लिहिलंय का? पुस्तक खरं असतं, पण वाक्य दुसरंच असतं. मोरया गोसावींच्या बाबतीत १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतं. शोधताना एक लक्षात ठेवा. जुन्या इंग्रजीत चिंचवडमधला 'व' कधी 'व्ही'ने तर कधी 'डब्ल्यू'ने लिहिलाय, आणि मोरयाचं मोरोबाही झालेलं असतं. एकाच स्पेलिंगने शोधलं तर 'काहीच नाही' असं वाटेल. आणि नुसतं 'माण' शोधाल तर दहिवडीचा, साताऱ्यातला माण तालुका समोर येईल! नाव सारखं दिसलं म्हणून गाव तेच असं नाही, आणि माणूसही तोच असं नाही.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची: लिहिणाऱ्याला हे कसं कळलं? गॅझेटियरचंच घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या अधिकाऱ्यांनी ते संकलित केलं. मंदिराची मापं आणि शिलालेख त्यांनी समोर पाहून दिले, म्हणून तो भाग भक्कम. पण मोरया गोसावींच्या आयुष्याची हकीकत त्यांना स्थानिक लोकांनी सांगितलेली. म्हणजे एकाच पुस्तकातलं, एकाच पानावरचं एक वाक्य पाहिलेलं असतं आणि दुसरं ऐकलेलं. 'गॅझेटियरमध्ये आहे' एवढ्यावर थांबायचं नाही. गॅझेटियरला ते कुठून मिळालं, हे विचारायचं.

चौथी: कोणी कोणाचं उचललंय? दरवर्षी बातम्या येतात, अमुक शे साठावा समाधी सोहळा. दहा वर्तमानपत्रांत आला म्हणून ते दहा पुरावे होत नाहीत. तो आकडा १५६१ पासून मोजूनच काढलेला असतो, म्हणजे सोर्स एकच. त्याहून वाईट प्रकार म्हणजे गोल फिरणारा संदर्भ. कोणीतरी विकिपीडियावर बिनसंदर्भाचं वर्ष टाकतो, पत्रकार ते उचलतो, आणि मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून लागते. हे पकडायला लेखाचा 'इतिहास' टॅब उघडा. वाक्य कधी आलं आणि बातमी कधीची, तारखा लावून बघा. बातमी नंतरची असेल तर तो संदर्भ बाद.

शिलालेख आणि साठ वर्षांचा चेकसम

आता माझा आवडता भाग. चिंचवडच्या समाधी मंदिरात मराठी शिलालेख आहे आणि गॅझेटियरने त्याचा मजकूर दिलाय. मंदिराचं काम कार्तिक शुद्ध द्वादशी, शके १५८०, विलंबी संवत्सरात सुरू झालं आणि पुढच्या विकारी संवत्सरात आषाढात पूर्ण झालं.

शकाचा इसवी सन काढताना साधारण ७८ मिळवतात. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. कार्तिक शके १५८० म्हणजे १६५८, पण माघ शके १५८० म्हणजे १६५९. चरित्रांमध्ये एका वर्षाचे घोळ दिसतात, त्यातले कितीतरी इथेच होतात.

पण मग हे वाचन बरोबर आहे का, हे कसं कळणार? कोरलेला आकडा झिजतो, शून्याचा सहा वाचला जातो. इथे संवत्सराचं नाव कामाला येतं. संवत्सरं साठ आणि ती क्रमाने फिरतात. म्हणजे शकाच्या आकड्यासोबत आपोआप एक चेकसम आलेला असतो. डेटा पाठवताना आपण चेकसम लावतो ना, तसाच. २०१८ चं कालनिर्णय आठवा: शके १९४०, विलंबीनाम संवत्सर. १९४० वजा १५८० म्हणजे ३६०, बरोबर सहा फेऱ्या. जुळलं! त्याच्या पुढचं, २०१९ चं विकारी, तेही जुळतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या दगडाची पडताळणी तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवरून केलीत.

पण थांबा, सिद्ध काय झालं? *मंदिर* १६५८-५९ मध्ये बांधलं. मोरया गोसावी कधी गेले, हे हा दगड सांगत नाही. समाधी त्याच्या शंभर वर्षं आधीची असू शकते, थोडीच आधीची असू शकते. पुरावा पक्का असणं आणि तो *आपल्या प्रश्नाचा* पुरावा असणं, यात लोक नेहमी गल्लत करतात. एका मतात १६५९ हे अखेरचं वर्ष येतं आणि मंदिरही १६५९ मध्ये पूर्ण झालं. दोन्हींचा संबंध असेल का? प्रश्न चांगला आहे. पण प्रश्नच आहे.

तुमचं डोकं लेखात घालायचं नाही

हा नियम इंजिनिअर मंडळींना सगळ्यात जड जातो. समजा तुम्ही अशी साखळी लावलीत: परंपरेत असंही सांगतात की मोरया गोसावींचे पुत्र चिंतामणी यांना तुकाराम महाराजांनी 'देव' म्हटलं आणि तेव्हापासून घराण्याचं आडनाव देव झालं. तुकोबा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. मग वडील चौदाव्या शतकात जन्मलेले कसे? तर्क ठीक आहे. चर्चा पानावर जरूर मांडा.

पण लेखात नाही. विकिपीडियाचा नियम आहे, मूळ संशोधन चालत नाही. तुमचा निष्कर्ष कितीही बरोबर असला तरी तो आधी कुठल्यातरी विश्वासार्ह प्रकाशनात आलेला हवा. शिवाय या साखळीची पहिली कडीच आख्यायिका आहे. आख्यायिका ही 'लोक असं मानतात' याचा उत्तम पुरावा असते, 'असं घडलं' याचा नसते.

मग भक्कम काय वापरायचं? लॉरेन्स प्रेस्टन यांचं चिंचवडच्या देव घराण्यावरचं पुस्तक केंब्रिज विद्यापीठाने १९८९ मध्ये काढलंय. घराणं आणि वेगवेगळ्या राजवटी यांचं नातं हा त्याचा विषय. इनाम, सनदा, महसूल ही कागदपत्रं तशी रुक्ष असतात, पण त्यांचा एक गुण आहे. ती चरित्र सांगायला लिहिलेली नसतात. जमिनीच्या हिशोबाच्या कागदात कोणाचं नाव आलं, तर ते कौतुकासाठी आलेलं नसतं. विश्वकोश, संस्कृतिकोश दिशा दाखवायला छान, पण तेही कुठूनतरी घेतात, म्हणून त्यांच्या मागे जायचं. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. सगळंच गुगलवर नसतं मंडळी, कधीकधी पीएमपीएमएलने जावं लागतं.

मग लिहायचं काय?

तर शेवटी लेखातलं वाक्य कसं होईल? साधारण असं: 'मोरया गोसावी हे चिंचवड येथे स्थायिक झालेले गणेशभक्त सत्पुरुष होत. त्यांच्या काळाविषयी एकमत नाही. परंपरेनुसार त्यांनी शके १४८३ मध्ये समाधी घेतली. अभ्यासकांनी त्यांचा काळ तेराव्या ते सतराव्या शतकापर्यंत वेगवेगळा मानला आहे.' आणि प्रत्येक मतापुढे त्याचं-त्याचं पुस्तक, पान क्रमांकासह.

'परंपरेनुसार' या शब्दाचा काहींना राग येतो. भक्तांना वाटतं आपल्याला खोटं ठरवलं, इतिहासवाल्यांना वाटतं भाकडकथा घुसवली. खरं तर तो शब्द दोघांचाही मान राखतो. ही माहिती कुठल्या वाटेने आली, एवढंच तो सांगतो. समाधीला हात जोडणाऱ्याला विकिपीडियाची परवानगी लागत नाही, आणि विकिपीडियाला कोणाची श्रद्धा तपासायची नाहीये.

राहिली माहितीचौकट. तिथे 'जन्म' असा रकाना दिसला की हात शिवशिवतो भरायला. पण रकाना आहे म्हणून उत्तर असलंच पाहिजे असं नाही. फोनवरचं ठाम उत्तर बऱ्याचदा अशाच एका उतावळ्या रकान्यातून येतं. रिकामा ठेवा, किंवा 'मतभेद' लिहून मजकुराकडे पाठवा. विकिडेटावर एकाच गोष्टीची अनेक मूल्यं, प्रत्येकाच्या संदर्भासकट, ठेवता येतात. ती सोय त्यासाठीच आहे.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गावात पहिल्यांदा येऊन राहिलेला, गाव वसवणारा जो कोणी असेल, त्याचं पान उघडा. सगळं नाही, एकच वाक्य निवडा आणि चार प्रश्न विचारा: पुस्तक आहे का, पानावर तेच आहे का, लिहिणाऱ्याला कसं कळलं, कोणी कोणाचं उचललं. काहीच सापडलं नाही तर वाक्य पुसायची घाई नको. मराठी विकिपीडियावर त्यासाठी दोन शब्द आहेत: 'संदर्भ हवा'. तेवढे लावा आणि चर्चा पानावर कारण लिहा. कदाचित ते पुस्तक दुसऱ्या कोणाच्या तरी घरात कपाटावर पडलेलं असेल.

काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.