क्लॅरिओनेटच्या गाद्या

पुष्कळ वर्षें पेटींत पडून राहिलेलें क्लॅरिओनेट बाहेर काढून फुंकलें, तर सुराऐवजीं बहुधा नुसता फुसकारा निघतो. वाद्य निकामी झालें असें समजून तें मोडींत काढण्याची मग घाई होते. वस्तुतः दोष बहुतेक वेळां चाव्यांच्या वाट्यांत बसविलेल्या इवल्याशा गाद्यांचा असतो.

क्लॅरिओनेटचीं कांहीं छिद्रें बोटांनीं झांकलीं जातात. जीं बोटांच्या आवाक्यांत नसतात तीं चावीच्या टोंकाची गादी बंद करते. एका गादीखालून वारा निसटला, तरी त्या छिद्राच्या खालचे सूर बिघडतात. न्यूरेम्बर्गच्या डेनरनें १७०० च्या सुमारास हें वाद्य घडविलें, तेव्हां चाव्या दोनतीनच असत व सपाट चामड्याचे तुकडे त्यांस पुरत. पुढें १८१२ च्या सुमारास ईव्हान म्यूलरनें १३ चाव्यांचें वाद्य पुढें आणलें व पोकळ वाट्यांत भरीव मऊ गाद्या बसविल्या. १८३९ मध्यें क्लोझे व ब्यूफे यांनीं पॅरिसमध्यें मांडलेल्या रचनेंतून आजचें १७ चाव्यांचें वाद्य निघालें.

हा इतिहास गादी निवडतांना उपयोगी पडतो. आजच्या नेहमींच्या गादींत पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लोकरीचा नमदा व वरून बैलाच्या आंतड्याचा पातळ पापुद्रा असतो. ही पातळ गादी जुन्या खोल वाटींत बुडून जाते. तेथें जाड चामड्याची गादीच हवी. पापुद्रा फाटतो व नमद्याला कसर लागते. वरच्या भागांतील लहान छिद्रांना, जेथें फुंकेचें पाणी सांचतें, बुचाची गादी अधिक टिकते. परंतु बूच कठीण असल्यामुळें छिद्राची कड निर्दोष असावी लागते. कड किंचित् झिजलेली असल्यास चामडें ती उणीव सांभाळून घेतें.

गाद्या अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानें मिळतात. म्हणून वाटीचा व्यास व खोली मोजूनच त्या घ्याव्या. चावी उतरवून वाटींत चपडा लाखेचा तुकडा ठेवावा, स्पिरिटच्या दिव्यावर ती ऊन करावी आणि लाख पाघळतांच गादी बसवावी. चावी जागीं लावल्यावर पुन्हां किंचित् ऊब देऊन गादी छिद्रावर हलकेच टेकवावी. त्या वेळीं ज्योत लाकडाकडे जाऊं देऊं नये. एबोनाइटचें वाद्य असल्यास तर विशेषच जपावें. बिजागरीकडील बाजू आधीं टेकली तर गादी जाड आहे, पुढील बाजू आधीं टेकली तर पातळ आहे, असें समजावें. अशा वेळीं दुसरी गादी घ्यावी. छिद्राची कड घांसून जुळवाजुळव करूं नये. हें काळें आफ्रिकी लाकूड आपल्या शिसवीच्याच कुळांतलें आहे; एकदां घांसलें कीं तें परत येत नाहीं.

शेवटीं सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी गादीखालीं धरून चारी बाजूंनीं ओढून पाहावी. ओढ सारखीच लागली पाहिजे. मग वरच्या भागाचें खालचें तोंड तळहातानें व छिद्रें बोटांनीं झांकून आंतील हवा तोंडानें ओढावी. पोकळी कांहीं क्षण टिकली तर काम साधलें. गाद्या पुन्हां केव्हांही बदलतां येतात. मूळ लाकूड व चाव्या मात्र बदलतां येत नाहींत. म्हणून दुरुस्तींत झीज सोसावी ती गादीनें. वाद्याला धक्का लागूं देऊं नये.