जुन्या लिनक्सला नवी डिस्क जोडताना

समजा, तुम्ही कौंडण्यपूरला फील्डवर्कला आहात. रुक्मिणीच्या माहेरची पालखी पंढरपूरला निघते तो दिवस वर्षातून एकदाच येतो. त्या दिवशीच्या मुलाखती, फोटो सगळं संगणकात आहे आणि जागा संपली. नवी डिस्क जोडली, अन् घाईत जुनीच फॉरमॅट केली, तर? पुढच्या आषाढीपर्यंत थांबा.

म्हणून डिस्क जोडण्याआधी 'एल-एस-बी-एल-के' ही कमांड चालवा, जोडल्यावर पुन्हा चालवा. दुसऱ्या यादीत जी ओळ वाढली ती नवी डिस्क. समजा, 'एसडीबी'. आकारही जुळवा. खोक्यावर 4 टीबी आणि इथे 3.6 दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी 1000 च्या पटीत मोजते, ही कमांड 1024 च्या.

पार्टिशन 'पार्टेड'ने करा, टेबल जीपीटी निवडा. जुनं एमबीआर साधारण 2 टीबीच्या पुढे जात नाही. मग त्या पार्टिशनवर, म्हणजे 'एसडीबी1'वर, ईएक्सटी4 फाइल सिस्टिम. ती 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणजे 4 टीबीवर जवळपास 200 जीबी! नुसता डेटाच ठेवायचा असेल तर 'ट्यून2एफएस'ने ते 1 टक्क्यावर आणा.

आता खरी गोम. डिस्क दरवेळी आपोआप माउंट व्हावी म्हणून 'एफस्टॅब' फाइलमध्ये एक ओळ लिहायची. तिथे 'एसडीबी' लिहू नका. ते नाव कायमचं नसतं, पुढच्या बूटला तीच डिस्क 'एसडीसी' होऊ शकते. 'बी-एल-के-आय-डी' दाखवते तो यूयूआयडी लिहा. सोबत 'नोफेल' हा पर्याय हवाच. नाहीतर केबल सैल झाली की सिस्टमडी 90 सेकंद वाट बघतं आणि तुम्हाला इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं. रीबूट करण्याआधी 'माउंट' कमांड 'ए' पर्यायासह चालवून बघा. ओळ चुकली असेल तर तिथेच कळतं. माउंट झाल्यावर फोल्डरची मालकी 'सी-एच-ओन'ने स्वतःकडे घ्या. सुरुवातीला ती रूटची असते.

पण 'नोफेल'ची एक खोड आहे. डिस्क माउंट झाली नाही तरी ते रिकामं फोल्डर जागेवरच असतं. रूटच्या हक्काने चालणारी तुमची स्क्रिप्ट खुशाल त्यात लिहीत बसते, जुन्याच डिस्कवर, ती भरेपर्यंत. नंतर नवी डिस्क माउंट झाली की त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात आणि डेटा गेला म्हणून आपण कपाळाला हात लावतो. गेलेला नसतो, अनमाउंट करा, दिसेल. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच 'माउंटपॉइंट' कमांडने तपासणी टाका, माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा.