जुनी बुलेट आणि टिकाऊ टायर

परभणी–पूर्णा लोहमार्गावरचे पिंगळी हे परभणी तालुक्यातील गाव. येथून पहाटे दुचाकीवर निघालेल्या माणसाला औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही दोन्ही ज्योतिर्लिंगे करून रात्री घरी परतता येते. माहूर, तुळजापूर किंवा पंढरपूर गाठायचे तर मुक्कामाची तयारी ठेवावी लागते. असा लांबचा प्रवास आजही अनेक जण बिडाच्या इंजिनाच्या जुन्या बुलेटवर करतात. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळणी होऊ लागलेली ही गाडी वेगासाठी कधीच प्रसिद्ध नव्हती. दोन माणसे आणि सामान घेऊन दिवसभर एका लयीत चालत राहणे, हा तिचा गुण. टायरची निवडही या गुणाला धरूनच व्हायला हवी. दुकानात मात्र बहुतेक वेळा टायरची जाडी, नक्षीचा रुबाब आणि किंमत एवढ्यावरच व्यवहार उरकतो. टायर किती टिकेल हे या तिन्हींपेक्षा भार, उष्णता आणि हवा यांच्या मेळावर अधिक ठरते.

टायरविषयी जाणून घ्यायचे बरेचसे त्याच्या कडेवरच कोरलेले असते. जुन्या बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९ या मापाचे टायर येत. यातील ३.२५ ही टायरची इंचांतील रुंदी, म्हणजे सुमारे ८२.५ मिलिमीटर, आणि १९ हा रिमचा इंचांतील व्यास. नव्या पद्धतीत याच्या जवळचे माप ९०/९०-१९ असे लिहितात. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी सांगतो आणि दुसरा आकडा कडेची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. नव्वदचे नव्वद टक्के म्हणजे ८१ मिलिमीटर. रिमच्या ४८२.६ मिलिमीटरमध्ये ही उंची दोनदा मिळवली की टायरचा बाह्य व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर येतो. ३.२५-१९ मध्ये कडेची उंची रुंदीइतकीच धरली, तर त्याचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर भरतो. म्हणूनच जुन्या मापाचा टायर मिळाला नाही, तर ९०/९०-१९ हा जवळचा पर्याय ठरतो. वेगमापक आणि मडगार्ड या दोन्हींना हा फरक जाणवत नाही. बदल करण्यापूर्वी रिमची रुंदी मात्र तपासून घ्यावी.

मापापुढे एक अंक आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ५२ पी. यातील अंकाला भारांक म्हणता येईल आणि अक्षराला वेगसंकेत. भारांक ५२ म्हणजे त्या टायरने २०० किलोपर्यंत भार पेलावा, ५४ म्हणजे २१२ किलो, ५७ म्हणजे २३० किलो. ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटरची मर्यादा दाखवते. आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. गाडी सुमारे १७० किलो, चालवणारा ७०, मागे बसणारा ६५ आणि सामान २५ किलो, म्हणजे एकूण ३३० किलो. यातील साठ टक्के वजन मागच्या चाकावर येते असे धरले, तरी ते १९८ किलो होते. भारांक ५२ चा टायर येथे अगदी काठावर उतरतो. त्याची कड सतत वाकत राहते, आतून तापते आणि रबर अकाली थकते. म्हणून मागच्या चाकासाठी, त्याच मापात मिळत असेल तर, ५४ किंवा त्याहून वरचा भारांक मागून घ्यावा. वेगाच्या अक्षरासाठी मात्र जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. सत्तर-ऐंशीने सुखात चालणाऱ्या गाडीला ‘पी’ पुरेसा आहे.

हा भार आणि ही उष्णता सोसणारे रबर मुळात दक्षिण अमेरिकेतील हेविया वृक्षाचा चीक. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून त्याचे बी लंडनच्या क्यू उद्यानात नेले आणि तेथून हा वृक्ष आशियात पसरला. आज केरळ हे भारतातील त्याचे मुख्य क्षेत्र आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडेही रबराच्या बागा उभ्या आहेत. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. ते गंधकाबरोबर तापवल्यास लवचीक आणि बळकट राहते, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने शोधले. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवा भरलेला टायर सिद्ध केला. बैलगाडीच्या लोखंडी धावेने शतकानुशतके केलेले काम त्यानंतर हवेकडे आले. पुढे रबरात काजळी मिसळू लागले, त्यामुळे झीज सोसण्याची त्याची ताकद कितीतरी पटीने वाढली. टायरचा काळा रंग या काजळीचाच. महाराष्ट्रात सिएट ही कंपनी १९५८ मध्ये मुंबईत स्थापन झाली. भांडुप आणि नाशिकपाठोपाठ नागपूरजवळ बुटीबोरीतही तिचा कारखाना आहे.

रचनेवरून टायरचे दोन वर्ग पडतात. तिर्यक्स्तरीय टायरमध्ये नायलॉनच्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. त्रिज्यस्तरीय टायरमध्ये, म्हणजे बाजारातल्या रेडियलमध्ये, हे धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे असतात आणि वर एक स्वतंत्र पट्टा बसवलेला असतो. रेडियल कमी तापतो आणि मोठ्या वेगात स्थिर राहतो. तरीही जुन्या बुलेटसाठी तिर्यक्स्तरीय टायरच योग्य. एक तर तिच्या अरुंद रिमच्या मापाचे रेडियल सहसा मिळत नाहीत. दुसरे म्हणजे जाड कडेचा तिर्यक्स्तरीय टायर भारासाठी आणि खड्ड्यांसाठी अधिक सोशीक असतो. एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा प्रकार बसवणे तर कटाक्षाने टाळावे.

टिकाऊपणाचा खरा पेच रबराच्या मिश्रणात आहे. कडक मिश्रण हळू झिजते, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी पडते. मऊ मिश्रण रस्ता घट्ट धरते आणि लवकर संपते. दोन्ही गुण एकाच टायरमध्ये पूर्ण मिळत नाहीत. काही उत्पादक मध्यभागी कडक आणि खांद्यांवर मऊ रबर वापरून या पेचावर तोड काढतात. मराठवाड्यातल्या सरळसोट रस्त्यांवर टायरचा मधला पट्टाच झिजतो. टायर मधोमध सपाट होतो आणि वळणावर गाडी सहज न झुकता अडखळत झुकते. त्यामुळे मागच्या चाकासाठी मधोमध भरीव रबर असलेली नक्षी घ्यावी. पुढच्या चाकाला मात्र पकडीची किंमत देऊन टिकाऊपणा विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो, तेव्हा माणसाला सावरते ते पुढचेच चाक. शिवाय पुढचा टायर मुळातच हळू झिजतो. मोठ्या ठोकळ्यांचे, ज्यांना आपल्याकडे बटण टायर म्हणतात ते, शेतरस्त्यावर उपयोगी पडतात, पण डांबरावर भराभर झिजतात आणि गुरगुरतात.

रुंद टायरचा मोह वेगळा. रिम तीच ठेवून मागे जाड टायर चढवला, तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि तेवढाच पट्टा रस्त्याला घासत राहतो. प्रसंगी तो चेनगार्डलाही लागतो. दिसायला भारदस्त झालेला हा टायर मूळ मापापेक्षा आधी गोटा होतो.

परभणीचा उन्हाळा हा टायरचा मोठा शत्रू. हवेचे तापमान ४२–४३ अंशांवर असते, तेव्हा दुपारचे डांबर साठीच्या पुढे जाते. बंदिस्त हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले की ३२ पौंड दाबाच्या टायरमध्ये सुमारे दीड पौंड दाब वाढतो. हे पाहून वाटेत थांबून हवा काढण्याची अनेकांना सवय असते. ती चूक आहे. टायर बनवताना ही वाढ गृहीत धरलेली असते. हवा काढली की टायर अधिक वाकतो आणि त्यामुळे आणखी तापतो. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावा. जुन्या बुलेटला साधारणपणे पुढे १८ ते २० पौंड, मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३० ते ३२ पौंड हवा लागते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल तर तोच प्रमाण मानावा.

दुकानात नवा म्हणून समोर आलेला टायर ताजा असेलच असे नाही. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ या वर्षाचा तेविसावा आठवडा. ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे न वापरलेले रबरही जुने होते आणि कडेवर केसासारखे बारीक तडे उमटतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा. वर्षातून दोन-तीनच यात्रा करणाऱ्या गाडीला हा नियम विशेष लागू पडतो, कारण तिचा टायर झिजण्याआधी वयाने संपतो. झीज मोजण्यासाठी नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे ठेवलेले असतात. दुचाकीत त्यांची उंची सुमारे ०.८ मिलिमीटर असते. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बदलणे भाग आहे.

उत्तम टायरही वाईट चाकावर टिकत नाही. म्हणून टायर उतरवला की प्रथम चाक फिरवून रिम ‘आऊट’, म्हणजे वाकडी, आहे का ते पाहावे, सैल आरे ताणून घ्यावेत, बेअरिंग आणि मागच्या फोर्कचे बुश हलवून पाहावेत. चेन ताणताना दोन्ही बाजूंचे गोगलगायीच्या आकाराचे कॅम सारख्याच खाचेवर आहेत याची खात्री करावी. चाक किंचित वाकडे बसले, तरी टायर एका अंगाने खरवडला जातो. शॉक ॲब्सॉर्बर निकामी असतील तर रबरावर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडतात.

आऱ्यांच्या रिमला ट्यूब लागतेच. नव्या टायरबरोबर ती नवीच घ्यावी, शक्यतो ब्युटाइल रबराची, कारण तिच्यातून हवा फार सावकाश निसटते. जुनी ट्यूब ताणून रुंद झालेली असते. नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्याच जागी ती फाटते. आतल्या रिमच्या पट्ट्यावरही नजर टाकावी. आऱ्यांच्या टोकांपासून ट्यूबला वाचवणारा तोच असतो. ट्यूबला टाल्कम पावडर लावावी आणि टायरच्या कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनेच येऊ द्यावा. नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक दाबू नये आणि वळणावर गाडी फार झुकवू नये. हे अंतर पिंगळी–परभणीच्या रोजच्या फेऱ्यांतच पूर्ण करावे. त्यानंतर आऱ्यांचा ताण आणि हवा पुन्हा तपासूनच गाडीवर सामान बांधावे.