डेल्टा, होटेल, अल्फा…

तुळजापूर तालुक्यातल्या त्या शाळेत मी पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि सातवीतला एक मुलगा लिंबाच्या झाडावर दगड मारत होता. स्काऊटचे सर शेजारीच उभे होते. रागवायचं सोडून ते त्याला सांगत होते, "अजून थोडा वर, त्या बेचक्यातून काढ." दगडाला नायलॉनची दोरी बांधलेली होती. चौथ्या फेकीला दगड फांदीपलीकडं जाऊन धप्पकन पडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि दोरीच्या टोकाला एक साधी तांब्याची तार हळूहळू वर चढू लागली. दुसरं टोक ध्वजस्तंभापासून जरा बाजूला रोवलेल्या बांबूला. पुस्तकात पाठ केलेल्या क्लोव्ह हिच आणि बोलाइन या गाठींचा खरा उपयोग या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा झाला असावा.

तार किती लांब हे मुलांनी आदल्या दिवशीच काढलं होतं. १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेनं भागायचं, की मीटरमध्ये लांबी मिळते. स्काऊटांसाठी जगभर ठरलेली एक वारंवारिता आहे १४.२९०. भागाकार दहाच्या जरासा वर येतो. म्हणजे मधोमध कापलेली दहा मीटर तार, दोन्हीकडं पाच-पाच. टोकांना इन्सुलेटर म्हणून पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे, भोकं पाडून. मधून एक कोॲक्स केबल खिडकीतून विज्ञानाच्या खोलीत. विकतचं असं त्यात फार काही नव्हतं.

ही सगळी खटपट ज्यासाठी चालते त्याला जोटा म्हणतात. जांबोरी ऑन द एअर, हवेवरचा मेळावा. १९५७ साली इंग्लंडमध्ये सटन पार्कला स्काऊट चळवळीच्या पन्नाशीची जागतिक जांबोरी भरली होती. तिथं काही हौशी रेडिओवाले स्काऊट एकमेकांना भेटले. घरी परतल्यावर रेडिओवर भेटत राहू असं ठरलं, आणि त्यांच्यातल्या लेस मिचेल यांनी ते मनावर घेऊन १९५८ च्या मे महिन्यात पहिला जोटा घडवून आणला. पुढं तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी होऊ लागला. १९९७ पासून इंटरनेटचा जोटी त्याला अधिकृतपणे जोडला गेला. आता दीडशेहून जास्त देशांतली मुलं या दोन दिवसांत एकमेकांना शोधत असतात.

पण ऑक्टोबरचा तिसरा आठवडा ज्यानं ठरवला त्यानं मराठवाडा पाहिलेला नव्हता. प्रथम सत्र परीक्षा तोंडावर, दिवाळी पुढ्यात, आणि रानात सोयाबीनची काढणी. पथकातली बत्तीस मुलं यायची होती, आली एकोणीस. उरलेली कुठं आहेत हे विचारायची गरज नव्हती. शाळेच्या मागच्याच शिवारात मळणी यंत्र धडधडत होतं आणि भुसा उडत होता.

रेडिओ घेऊन सोलापूरकडून एक निवृत्त गृहस्थ आले होते. मुलं त्यांना सकाळी 'सर' आणि दुपारपर्यंत 'हॅम काका' म्हणू लागली. हौशी रेडिओवाल्याला जगभर हॅम म्हणतात. हा छंद परवान्याशिवाय करता येत नाही. आपल्याकडं केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, तिच्यात थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि बरेच नियम असतात, आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की ती देता येते. हे ऐकल्यावर सातवीच्या मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. काकांनी टेबलावर जपानी ट्रान्सीव्हर ठेवला, टिफिनच्या मोठ्या डब्याएवढा. वीज जाईल हे गृहीत धरून त्याला ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी जोडली. शक्ती ठेवली पन्नास वॅट. जुना पिवळा बल्बसुद्धा साठचा असायचा.

मग बटण दाबलं, आणि आवाज आला तो असा: खरखर, आणि तिच्यावर टक्… टक्… टक्…

दर सेकंदाला एक. घड्याळासारखं. काकांनी आधी शाळेचे दिवे बंद करायला लावले, कारण स्वस्तातले एलईडी दिवे रेडिओचे वैरी असतात. मग मोबाइलचे चार्जर काढायला लावले, मग मुख्य स्विचच पाडला. खरखर निम्म्यानं कमी झाली. टक् टक् तशीच. केबल हलवून झाली, बॅटरीचे चिमटे घासून झाले. काका टाळूवरून हात फिरवत बसले असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "सर, ते झटका मशीन हाय."

"कशावरून?"

"आमच्या रानात बी असंच वाजतंय. तारंला गवत लागलं की."

रानडुकरांपासून पीक राखायला हल्ली शेताभोवती तार ओढून तिच्यात झटक्याचं यंत्र लावतात. ते सेकंदा-सव्वासेकंदाला एक ठोका सोडतं. तारेला ओलं गवत टेकलं किंवा खांबावरचं इन्सुलेटर तडकलं की तिथं बारीक ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे रेडिओच तो, फक्त बेशिस्त. जगातला पहिला बिनतारी संदेशसुद्धा ठिणगीनंच गेला होता. काकांनी हे सांगितलं, पण मुलांचं लक्ष नव्हतं. ती खिडकीतून झटका लावलेलं शेत कुठलं ते बघत होती.

तिघं-चौघं जण विळा घेऊन निघाले, मीही मागून गेलो. शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. परदेशातल्या स्काऊटांशी बोलायचंय म्हणून झटका बंद करा, ही मागणी त्याच्याकडं याआधी कुणी केली नसणार. तो म्हणाला, "बंद करतो, रात्री लावलेलं काढायचं राहिलंच हुतं. पर दिवस बुडाला की लावणार बघा. डुकरं काय रेडिओ ऐकत नाहीत." मुलांनी जाता जाता बांधाकडचं तारेला टेकलेलं गवत कापून दिलं. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये 'खरी कमाई' नावाचा एक उपक्रम असतो. त्यात हे बसतं का, यावर परतीच्या वाटेवर त्यांची चर्चा चालली होती.

परत आलो तर रेडिओ शांत. शांत म्हणजे फक्त खरखर, आणि तिच्या तळाशी कुणीतरी बोलत असल्याचा भास. या कामातला मोठा भाग ऐकण्याचा आहे, हे मला इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. काका एक गोल बटण केसभर फिरवायचे, थांबायचे, डोळे मिटायचे. पहिली वीस मिनिटं मुलांना ते अजिबात पटलं नाही. फोनवर नंबर लावला की समोरचा उचलतो किंवा उचलत नाही, मधली अवस्था नसते. इथं सगळी मधलीच अवस्था. अर्ध्या तासानं मात्र गंमत झाली. एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "आत्ता 'जांबोरी' म्हणलं कुणीतरी." काकांना ते ऐकू आलं नव्हतं. वयानुसार कानांची वरची पट्टी जाते. त्यांनी बटण मागं फिरवलं. होतं खरंच.

मुलांना सगळ्यात न पटलेली गोष्ट वेगळीच होती. लातूरच्या कुणाशी बोलू या, असं एकानं सुचवलं, तर काका म्हणाले, "लातूर जमणार नाही. इटली जमेल." वर्ग हसला. पण ते खरं आहे. या लहरी तिरप्या वर जातात, अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात, तळ्यात मारलेला चपटा दगड जसा टप्पे घेत जातो तशा. पहिला टप्पा पडतो तोच हजार-दोन हजार किलोमीटरवर. मधलं सगळं गाव उपाशी. जवळच्यांसाठी वेगळी पट्टी, सात मेगाहर्ट्झची, आणि तिला वीस मीटर तार. तेवढी तार शिल्लक नव्हती.

दुपारी तालीम झाली. स्टेशनाची सगळी जबाबदारी परवानाधारकाची. पहिला शब्द आणि शेवटचा शब्द काकांचा, मध्ये मुलानं नमस्कार सांगायचा, तोही काका शेजारी बसलेले असताना. व्यापार नाही, राजकारण नाही, गुप्त भाषा नाही. हवेवर कुलूप नसतं, कुणीही ऐकू शकतं. आणि जिल्ह्याचं नाव सांगायचं ते अक्षर-अक्षर सुटं करून, कारण खरखरीत 'डी' आणि 'बी' सारखेच ऐकू येतात. फळ्यावर लिहिलं होतं: डेल्टा, होटेल, अल्फा, रोमिओ, अल्फा, सिएरा, होटेल, इंडिया, व्हिक्टर. धाराशिव. "सर, आपल्या जिल्ह्यात दोन हॉटेलं हायत," असं कुणीतरी म्हणालं आणि ते दिवसभर चाललं.

वाद झाला तो पुढच्या वाक्यावर. धाराशिव कुठं आहे हे परक्याला कसं सांगायचं? सरांनी सुचवलं, सोलापूरजवळ म्हणा. एकानं पुणे सुचवलं. आठवीतली संघनायिका उसळून म्हणाली, "त्यांना सोलापूर तरी कुठं माहितीये? मग तुळजापूरच सांगू की." जुन्या नकाशांत अजून उस्मानाबादच असेल, ही आणखी एक अडचण. शेवटी काकांनी तोडगा काढला. हॅम लोकांनी सगळी पृथ्वी चौकोनांत वाटून टाकलेली आहे, त्यात आपला चौकोन एमके ८८. तेवढं सांगितलं की समोरचा नकाशावर बोट ठेवतो. संघनायिकेला ते पटलं, कारण त्यात कुणाच्या जवळ असण्याची भानगड नव्हती.

दुपारी चारच्या पुढं युरोप उघडला. उघडला हा हॅम लोकांचाच शब्द, दुकान उघडल्यासारखा. काकांनी तीन-चार वेळा "सीक्यू जांबोरी" अशी साद घातली आणि चार वाजून दहा मिनिटांनी इटलीतल्या एका स्काऊट गटाच्या स्टेशननं उत्तर दिलं. साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. आवाज लाटेसारखा वर यायचा आणि बुडायचा. संघनायिकेनं माईकचं बटण दाबलं, नाव सांगितलं, नऊच्या नऊ अक्षरं न अडखळता सांगितली, आणि गप्प झाली. पाठ केलेलं संपलं होतं. सगळा वर्ग ओठ हलवून तिला शब्द पुरवत होता. ती एकदम म्हणाली, "टुडे वी कट ग्रास." पलीकडं क्षणभर खरखर. मग एका मुलाचा आवाज आला, त्याचं इंग्रजी आमच्याइतकंच होतं: गवत का कापलं? ती पुढं जे काही बोलली त्यात व्याकरण नव्हतं, पण रानडुकराला इंग्रजीत काय म्हणतात हे तिला माहीत होतं. इटलीत रानडुकरं भरपूर आहेत. पलीकडं जी हशा-गडबड झाली ती लाटेबरोबर बुडाली आणि परत वर आली तेव्हा निरोपाचे त्र्याहत्तर चालले होते. 'सेव्हंटी थ्री' म्हणजे शुभेच्छा, तारघरांच्या काळापासूनचा आकडा.

नोंदवहीत वेळ लिहायची ती जागतिक, साडेपाच तास वजा करून: १०.४०. मुलांना हे फार आवडलं. आपल्या चहाच्या वेळेला पृथ्वीची म्हणून एक वेगळी वेळ असते.

शेजारच्या खोलीत जोटी चालू होता, तीन संगणक आणि मधूनच दम टाकणारं नेट. तिथल्या मॅडम एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होत्या, आडनाव नाही, फोन नंबर नाही, पत्ता नाही, फोटो नाही. रेडिओच्या मानानं हे फार सोपं आणि म्हणून कमी मोलाचं, असं मी मनाशी लिहूनही टाकलं होतं. गप्पांच्या खिडकीत पंधरा मिनिटांत अकरा देश येऊन गेले, आणि कुठले ते विचारल्यावर मुलांना चार सांगता आले. पण झटका मशीन ओळखणारा तो मुलगा तिथं बसला होता. माईकपुढं त्याला चार जणांनी ढकललं तरी तोंड उघडलं नव्हतं त्यानं. इथं एका बोटानं टाइप करत तो इंडोनेशियातल्या कुणाला तरी तारेला गवत लागलं की काय होतं ते समजावत होता, मधेच शब्द विचारायला मॅडमकडं बघत. मी मनातलं वाक्य खोडलं.

चहाच्या वेळी किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला. या भागात जुन्या कुणाशी अर्धा तास बोललं की तो निघतोच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न, विसर्जनाची रात्र. लातूरकडची किल्लारी आणि धाराशिवकडचं सास्तूर, आणि मधली गावंच्या गावं. भारतात मोबाइल यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. बाहेरून आलेल्या हॅम लोकांनी तिथं रेडिओ लावून संपर्क उभा केला होता. "काय लागलं असेल त्यांना?" काकांनी विचारलं आणि टेबलाकडं बोट केलं. बॅटरी, तार, डबा. एक मुलगी म्हणाली, तिच्या आजीचं माहेर तिकडचं, आता नव्या गावात आहे. आजी अजून पहाटे तीनला उठून बसते. त्यावर कुणी काही बोललं नाही. काकांनी कप खाली ठेवला आणि बटण फिरवायला घेतलं.

सूर्य बालाघाटाच्या टेकड्यांमागं गेला तसा युरोप आणखी स्पष्ट होत गेला. एक पोलंड, एक नेदरलंड्स. सहा वाजून पाच मिनिटांनी पोलंडच्या दुसऱ्या कुणाची तरी साद अर्धवट ऐकू आली आणि तिच्यावरून टक्… टक्… सुरू झालं. दिवस बुडाला होता. शेतकरी शब्दाला पक्का होता.

काका ट्रान्सीव्हर बंद करू लागले तर नोंदवही सांभाळणारा मुलगा म्हणाला, थांबा. सकाळी त्यानं पहिल्या ओळीत, कॉलसाइनच्या, म्हणजे स्टेशनच्या ओळखीच्या रकान्यात 'झटका' लिहून ठेवलं होतं आणि अहवालाच्या रकान्यात ५९. पाच म्हणजे स्पष्ट, नऊ म्हणजे जोरकस, त्याहून वरचा आकडाच नाही. आता त्यानं हेडफोन लावले, डोळे मिटले, बरंच ऐकलं, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: १२.३५, झटका, ५३.