पीसी सुरूच होईना? नवा एसएमपीएस घेण्याआधी हे तपासा

स्वतः जोडलेल्या पीसीचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की पोटात गोळा येतो. पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर. माझाही तसाच गेला होता. नवा आणायला निघालो, आणि दोष निघाला कॅबिनेटच्या बटणात! म्हणून आज क्रमाने जाऊया.

आधी भिंतीचं सॉकेट. त्यात मोबाइलचा चार्जर लावून बघा. एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू आहे ना? पॉवर केबलही बदलून बघा.

मग प्लग काढा आणि आतले कनेक्टर तपासा. मदरबोर्डचा २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा, दोन्ही काढून घट्ट बसवा. प्रोसेसरचा राहिला, तर पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते.

आता बटण. मदरबोर्डवरून त्याची वायर काढा, प्लग लावा आणि पॉवर स्विचच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला? मग एसएमपीएस निर्दोष, बटण खराब.

तरीही शांत? प्लग काढा, एसएमपीएसचे सगळे कनेक्टर सोडवा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि एक काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मगच प्लग लावा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर मॅन्युअलमध्ये १६ नंबरची पिन शोधा. पंखा फिरला तर सप्लाय जिवंत आहे. पण काही मॉडेलचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, म्हणून मल्टिमीटर लावा: पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ हवेत.

आकडे बरोबर, पण गेम खेळतानाच पीसी बंद पडतो? ही चाचणी लोडशिवायची आहे, त्यामुळे सप्लाय अजून सुटला नाही. मित्राचा पुरेशा वॅटचा सप्लाय लावून बघा, पण त्याच्याच केबलींसकट. मॉड्युलर केबलींची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते. अदलाबदल केली तर मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क जळू शकते.

आणि एक गोष्ट कधीच नाही: एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते. जळका वास आला किंवा फट्कन आवाज झाला, तर पुन्हा चालू करून बघू नका. वॉरंटीचं बिल शोधा. डबा बदलता येतो, जीव नाही. भेटूया पुढच्या भागात!