तळणीचे दीड इंची भिंग

कारंजा लाडच्या पूर्वेला साधारण ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, धामणगाव आणि पुलगाव यांच्या मध्ये तळणी हे लहानसे रेल्वे स्थानक आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका तुकडीने तिथे तळ ठोकला होता. सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे त्याच्याभोवतीच्या विरळ, तप्त आवरणातून, निघालेल्या तोवर टिपलेल्या सर्वांत लांब शलाकेचे छायाचित्र याच तळावर मिळाले, आणि तेही अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने.

या ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून आत शिरून ईशान्येकडे सरकली. तिच्या वाटेवर मातब्बर खगोलशास्त्रज्ञ मंडळी येऊन बसली होती. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल. पुलगावला ह्यू नेवॉल. तळणीच्या तुकडीत ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर मॉन्डर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी आणि पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत नाव कमावणारे जॉन एव्हरशेड होते.

दीड इंची भिंग अ‍ॅनी मॉन्डर यांचे होते. १८६८ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अ‍ॅनी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या. १८९१ पासून त्या ग्रिनिचला महिना चार पौंडांवर गणनिकेचे काम करत आणि सूर्यावरील डागांची छायाचित्रे घेऊन मोजत. १८९५ मध्ये लग्न झाले आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सुटली. पुढे गर्टन कॉलेजची फायफर संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यातून त्यांनी आखूड नाभीय अंतराचा कॅमेरा करवून घेतला. मूळ हेतू आकाशगंगेच्या छायाचित्रणाचा होता; ग्रहणासाठी तोच कॅमेरा तळणीला आला.

एवढ्याशा भिंगाला हे यश कसे मिळाले, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात आहे. तारा बिंदूसारखा दिसतो, त्यामुळे भिंग जितके मोठे तितका तो ठळक उमटतो. प्रभामंडल मात्र पसरलेले असते. छायाचित्रणाच्या काचेवर त्याची प्रतिमा किती उजळ पडेल, हे भिंगाचा व्यास आणि नाभीय अंतर यांच्या गुणोत्तरावर ठरते. जेऊरला कॅम्पबेल यांनी उभारलेल्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट आणि भिंग ५ इंचांचे होते. त्यात सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांच्या आसपास पडे आणि आतल्या प्रभामंडलाची बारीक घडण स्पष्ट दिसे. पण तेवढ्याच प्रकाशाची वाटणी मोठ्या जागेत झाल्याने बाहेरचा मंद भाग फिका पडे. आखूड कॅमेऱ्यात प्रतिमा चिमुकली, पण उजळ. म्हणून मंद भागही काचेवर उमटला.

अ‍ॅनी यांच्या काचेवर उमटलेली शलाका सूर्याच्या सुमारे १४ त्रिज्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटरपर्यंत गेलेली होती. अशा शलाकांना तेव्हाच्या एका वादात महत्त्व होते. पृथ्वीवरील चुंबकीय वादळांचा सूर्याशी संबंध असल्याची कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये झिडकारली होती. वॉल्टर मॉन्डर यांनी १९०४ मध्ये दाखवले की ही वादळे सुमारे २७ दिवसांनी, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या एका फेऱ्यानंतर पुन्हा येतात. तेव्हा त्यांचे कारण सूर्यावरून अरुंद झोतांच्या रूपाने निघत असावे. लांब, सडपातळ शलाकांची चित्रे या तर्काला धरून होती. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी सौरवाताचा सिद्धांत मांडला, तेव्हा सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांना भक्कम सैद्धांतिक पाया मिळाला.

प्रभामंडलाच्या छायाचित्रणातल्या अडचणी मात्र हटवादी आहेत. तळणीला खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. प्रभामंडलाचा आतला, तेजस्वी भागसुद्धा सूर्यबिंबाच्या सुमारे एक दशलक्षांश इतकाच उजळ असतो, आणि तीन त्रिज्यांपर्यंत जाता जाता ही उजळी आणखी शंभरपटीहून अधिक घटते. काचेला कमी वेळ प्रकाश दिला तर बाहेरचा भाग हरवतो, जास्त दिला तर आतला भाग करपतो. म्हणून वेगवेगळ्या अवधीच्या काचा घेऊन त्यांवरून हाताने एकच चित्र काढण्याचा प्रघात होता. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीतल्या विल्यम वेस्ली यांचा त्यात हातखंडा होता. अशा चित्रात किती काचेवरचे आणि किती चितारणाऱ्याच्या नजरेचे, हा प्रश्न उरतच असे.

बर्नार्ड लियो यांनी १९३० च्या सुमारास प्रभामंडलदर्शक तयार केला आणि ग्रहणाविना आतले प्रभामंडल दिसू लागले. पण वातावरणात विखुरणारा प्रकाश बाहेरचा भाग झाकून टाकतो, त्यामुळे उपकरणे अवकाशात न्यावी लागली. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या भारताच्या आदित्य-एल१ वरील प्रभामंडलदर्शक सूर्यकेंद्रापासून १.०५ ते ३ त्रिज्यांचा पट्टा पाहतो. त्याच यानावरील पुण्याच्या आयुका या संस्थेची अतिनील दुर्बीण त्याखालचे थर टिपते. डिसेंबर २०२४ मध्ये पार्कर सौरयान सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले. तळणीच्या काचेवरची शलाका त्याहून दूरवर पोचलेली होती. तरीही साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावरचे प्रभामंडल दहा लाख अंशांच्याही वर कसे तापते, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही.